उघडलेले झाकण

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे. पण मला साधीसुधी समजू नका हं! माझ्या पोटात एक इवलेसे यंत्र आहे. गोळीची वेळ झाली की मी वाजू लागते आणि झाकण उघडले की लगेच दवाखान्याला कळवते. उघडलेच नाही, तर दवाखान्यातल्या ताई फोन करून चौकशी करतात. मी नवी होते तेव्हा माझे कोण कौतुक झाले होते!

माझा मालक बेकरीत भट्टीवर कामाला होता. त्याला एचआयव्ही होता. रोज गोळी घेतली तर आपण ठणठणीत राहू, हे त्याला ठाऊक होते. पण आजाराचे नाव त्याने आईलाही सांगितले नव्हते. "ताकदीच्या गोळ्या आहेत," एवढेच तो म्हणे. बरीच वर्षे आमचे छान चालले.

मग त्याची पाळी बदलली. माझ्या वेळेला तो भट्टीपुढे असे. मला तिकडे नेले तर चारचौघांत बिंग फुटेल, म्हणून त्याने मला घरीच फळीवर ठेवले. "आल्यावर घेईन," म्हणे. पण आल्यावर अंथरुणाला पाठ टेकताच त्याचा डोळा लागे. इकडे मी वाजू लागले की आई वैतागून यायची. "काय बाई कटकट! गप की गं जरा!" झाकण उघडले की मी गप्प होते, हे तिने हेरले होते. ती उघडायची, लावायची आणि पुन्हा भाजी चिरायला बसायची.

मी मात्र इमानेइतबारे कळवत राहिले, झाकण उघडले म्हणून.

ताईंचा फोन आला तो शाबासकीचा. "दादा, एकही दिवस चुकला नाही तुमचा!" तो गोंधळला, ओशाळला. खरे सांगायला त्याची जीभ रेटेना. उरलेल्या गोळ्या तो लपवत गेला.

पुढे ताप हटेना. अंगात त्राण उरले नाही. दवाखान्याच्या खाटेवर त्याने आईचा हात धरून सगळे सांगितले. ती म्हणाली, "अरे, रोज माझ्याच हातात होती की ती डबी! सांगितलं असतंस, तर तू घरात पाऊल टाकताच गोळी तुझ्या तोंडात घातली असती मी."

तो गेला. मला फार वाईट वाटते, मित्रांनो. आता मी दवाखान्याच्या कपाटात पडून असते.

मला फक्त झाकण कळते. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याला न भिता सांगता येईल असे वागा. जवळ बसून विचारा, गोळी घेतलीस का म्हणून. ते माझ्याच्याने होत नाही.