सापडेपर्यंतचा वेळ

"भाऊ, त्या पांढऱ्या गाडीला तुम्हाला किती वेळ लागला?"

सीमाने विचारलं तेव्हा गुणाजी दुसऱ्याच एका गाडीत डॅशबोर्डखाली डोकं घालून पडला होता. दारातून नुसते पाय बाहेर. गिऱ्हाइकाची गाडी मळू नये म्हणून बूट काढून खाली जोडीने ठेवलेले.

"खंयची पांढरी?"

"सकाळी स्टार्ट व्हायची नाही ती."

"ती होय. बोल्ट खरवडलंय तिचो. धा मिनटां."

"आणि बोल्ट सापडेपर्यंत?"

पाय जरा हलले. "सापडेपर्यंत काय गो बाय? शोधूचे कसले पैसे?"

शेजारच्या गाडीवरचा मेकॅनिक राहुल ओरडला, "सीमाताई, आमचा डॉक्टर फी घेत नाय! धर्मादाय दवाखाना आहे."

सगळे हसले. डॅशबोर्डखालून गुणाजीही हसला. सीमाला हसू आलं नाही.

लोअर परळला एका बंद गिरणीच्या शेडमध्ये हे गाड्यांचं वर्कशॉप होतं. पुढे रस्त्याच्या बाजूला काचेची शोरूम आणि मागे जुन्या पत्र्यांखाली दुरुस्ती. सीमा इथे वॉरंटीचं काम बघायची. वॉरंटीतल्या गाडीच्या मालकाकडून काही घ्यायचं नसतं. सामान आणि मजुरी गाडी बनवणारी कंपनी देते. पण ती मागावी लागते, आणि नियमाने मागावी लागते. बिघाड शोधण्यात गेलेल्या वेळाचेही पैसे कंपनी देते. अट एकच. शोधायला लागताना मेकॅनिकने भिंतीवरच्या मशीनवर आपलं कार्ड टेकवायचं आणि दोष सापडला की पुन्हा टेकवायचं.

बाकीची मंडळी बॉनेट उघडायच्या आधी कार्ड टेकवायची. गुणाजी टेकवत नसे. मिसरूड फुटायच्या आधी तो लालबागच्या ज्या गॅरेजमध्ये बोल्ट धुवायला लागला, तिथल्या उस्तादाची रीतच तशी होती. दुखणं कळेपर्यंत गिऱ्हाइकाला पैशाचं बोलायचं नाही. काय झालंय तेच ठाऊक नसताना काम सुरू झालं असं म्हणायचं कुठल्या तोंडाने? उस्ताद गेला, गॅरेज गेलं, त्या जागी टॉवर आला. रीत गुणाजीकडे राहिली. दोष सापडला की तो हात पुसायचा, उठायचा, कार्ड टेकवायचा आणि दहा मिनिटांत काम संपवायचा.

म्हणून कोणाला न उलगडणाऱ्या गाड्या त्याच्याकडे यायच्या, आणि कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे सगळ्यांत कमी काम दिसायचं. त्या पांढऱ्या गाडीसाठी त्याने अख्खा दिवस घालवला होता. सीट काढल्या, गालिचा उचलला, वायर चाचपत चाचपत मागे गेला. एका बोल्टखाली कारखान्यातच रंग राहून गेला होता, त्यामुळे करंट नीट जात नव्हता. कंपनीकडे गेलं काय, तर दहा मिनिटं.

हे इतके दिवस चाललं. पण आता वर्कशॉपमधली माणसं कमी करायची होती, आणि सर्व्हिस मॅनेजर राजस सरांच्या यादीत पहिलं नाव गुणाजीचं होतं.

सीमा त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, भाऊंना काढू नका. त्यांचा वेळ मशीनवर लागलाच नाही कुठे. मी त्यांच्या जुन्या गाड्यांचे क्लेम पुन्हा घालते."

राजस सर वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "सीमाताई, मला माहितेय ते काय काम करतात. पण वर मी काय दाखवू? स्क्रीनवर माणूस बसून आहे असं दिसतंय."

"कंपनीने तो वेळ मंजूर केला तर?"

"केला तर नाव काढतो. शब्द देतो. पण कंपनीचं इन्स्पेक्शन पुढच्या आठवड्यात आहे."

त्या नोकरीला गुणाजीच्या बायकोचं डायलिसिस बांधलेलं होतं. रखमावहिनींना आठवड्यातून दोनदा न्यावं लागे, आणि तो खर्च वर्कशॉपच्या विम्यातून होई. नोकरी गेली की विमा गेला. हे राजस सरांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी सीमाच्या तोंडाकडे न बघता चष्मा पुन्हा लावला.

सीमाने जुन्या गाड्या एकेक करून बाहेर काढल्या. गाडी आत कधी आली, चाचणीला बाहेर कधी गेली, याच्या नोंदी वॉचमनकडे होत्या. त्यांवरून तिने गुणाजीचा वेळ जुळवला आणि त्या त्या वेळी कार्ड टेकवलं होतं असं दाखवून तो मशीनच्या हिशोबात हाताने भरला. वेळ खरा होता. टेकवणं तेवढं खोटं. खाली मेकॅनिकची सही लागायची.

गुणाजीने पेन हातात घेतलं. "ह्या बरा दिसता काय गो?"

"भाऊ, तुम्ही राबलात की नाही त्या गाड्यांवर?"

"राबलंय तर."

"मग करा सही. इन्स्पेक्टर विचारेल, वेळ तुम्हीच लावला ना. नुसतं हो म्हणायचं. वहिनींसाठी म्हणायचं."

त्याने सही केली. बोटांचं काळं कागदाला लागलं, ते पुसायला गेला तर आणखी पसरलं.

कंपनीचा इन्स्पेक्टर अनिश नावाचा तरुण होता. याआधीचे इन्स्पेक्टर यायचे ते आवाज चढवूनच यायचे. हा शांत होता. गाड्यांतून काढलेले खराब भाग मागच्या खोलीत चिठ्ठ्या बांधून ठेवलेले असायचे. ते त्याने बघितले, मग टेबलाशी बसून गुणाजीला बोलावणं धाडलं. सीमा दाराशी उभी राहिली.

गुणाजी आत आला तसा अनिश उठला. "बसा काका. जेवण झालं तुमचं?"

"झाला साहेब."

"साहेब नका म्हणू. माझे बाबा पण मेकॅनिकच होते. त्या पांढऱ्या गाडीतला फॉल्ट आमच्या प्लांटच्या लोकांनाही नसता सापडला. कसा काढलात?"

गुणाजीने सांगितलं. वायर बोटात धरली की कशी कळते, रंगाचा पापुद्रा नखाला कसा लागला. सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला होता. सीमाने इतक्या वर्षांत त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मानलं काका," अनिश म्हणाला. मग कागद त्याच्यापुढे ठेवून साधेपणाने विचारलं, "हा सगळा वेळ तुम्हीच मशीनवर लावला होतात ना?"

गुणाजीने कागदाकडे पाहिलं. मग दाराकडे. सीमाने मान हलवली, अगदी थोडी.

"नाय," गुणाजी म्हणाला. "काम मीच केलं. पण वेळ लावला नव्हता. मी लावतच नाय."

अनिशने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"काका, तुम्ही काम केलंत हे मला दिसतंय. पण आता तुम्ही हे बोललात. मी काय लिहू?"

"काय खरा ता लिवा."

सगळे क्लेम फेटाळले गेले. सीमाला लेखी ताकीद मिळाली. यादीतलं नाव तसंच राहिलं.

दुपारी ती पाण्याच्या टाकीपाशी गुणाजीवर तुटून पडली. "एक हो म्हणायचं होतं, भाऊ! एकच शब्द. घरी वहिनींना काय सांगणार आता? खरं बोलून आलो म्हणून?"

तो हात धूत राहिला. ग्रीस निघत नव्हतं.

"तो इन्स्पेक्टर ओरडलो असतो तर बोललंय असतंय गो. बिनधास्त खोटा बोललंय असतंय. पण पोरान जेवलास काय म्हणान विचारल्यान. त्येच्या तोंडावर कसा बोलू?" मग नळ बंद करून म्हणाला, "तुझ्या नोकरीक काय होवचा नाय मां?"

सीमा वर निघून गेली.

महिनाअखेरीला त्याचा शेवटचा दिवस होता. सकाळीच एक गाडी आली. चालताना कुठूनतरी बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा, कोणाला जागा सापडत नव्हती. गुणाजीने आपला लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याची मूठ कानाला लावायची, टोक इंजिनाला टेकवायचं आणि ऐकत राहायचं, हे त्याचं तंत्र.

सीमा खाली आली. "भाऊ, आज तरी आधी कार्ड टेकवा. माझ्यासाठी."

"आता खंय कामाक येतला ता?"

"टेकवा म्हणते ना."

त्याने हात पुसले, मशीनपाशी जाऊन कार्ड टेकवलं. मशीन पिंग करून वाजलं तशी राहुलने टाळी वाजवली, "डॉक्टरने फी लावली रे!" मग लगेच तो आपल्या बॉनेटखाली वाकला.

संध्याकाळपर्यंत गुणाजी ऐकत होता. एकदा करी रोडच्या पुलापर्यंत गाडी फिरवून आणली. दोष सापडला नाही. पाच वाजता वहिनींना न्यायचं होतं. त्याने बूट घातले, स्क्रूड्रायव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला. जाता जाता राहुलला म्हणाला, "डावीकडच्या पुलीपाशी ऐक उद्या. माका तिथंच संशय हा."

सीमा वरच्या खिडकीतून बघत होती. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिली. मग कॉम्प्युटर बंद करायला टेबलाशी आली.

स्क्रीनवर सगळ्यांच्या नावांपुढचे वेळ थांबले होते. गुणाजीच्या नावापुढची हिरवी पट्टी तेवढी चालू होती. दोष सापडला नव्हता, म्हणून त्याने कार्ड पुन्हा टेकवलंच नव्हतं.

पट्टी बंद करणं तिच्या हातात होतं. तिने माउसवर हात ठेवला. मग हात काढून कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, पर्स उचलली आणि दिवा मालवला. अंधाऱ्या खोलीत ती पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.