पिंप झोपलं

अण्णांनी गुडघा टेकला, पिंपाला उजवा कान लावला आणि निकाल देऊन टाकला, "झोपलं! भरा बाटल्या."

आंबणाऱ्या द्राक्षरसाची कुजबुज थांबली, की या घरात पिंप झोपलं म्हणत. घरच्या मळ्यातली पांढरी वाइन कधी भरायची, यावर अण्णांचा शब्द शेवटचा. साखर मोजायची नळी कपाटात होती, पण चाळीस वर्षं न चुकलेल्या कानापुढे तिला विचारतो कोण? बाहेर बाटल्या भरणारा आपलं यंत्र गाडीवरून उतरवायला लागलासुद्धा.

धाकट्या लेकीनं त्याच पिंपाला कान लावला आणि ती थबकली.

"अण्णा, अजून जागं आहे हो. आत्ता भरलं तर आतल्या वायूनं बाटल्या फुटतील."

"तुझ्याच कानात वाजत असेल. काल आलीस या कामात, आणि मला शिकवतेस?"

"लावा बरं परत कान."

"काही गरज नाही!"

ती यंत्रवाल्याला थांबवायला बाहेर गेली. अण्णांचा पारा चढला. पोरगी परक्या माणसासमोर आपली शोभा करणार! जागं पिंप कसं असतं ते तिला एकदा ऐकवावंच, म्हणून ते कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेले. ते चार दिवसांपूर्वीच भरलेलं, ऐन भरातलं. तिला हाक मारण्याआधी त्यांनी सवयीनं कान लावला.

काहीच आवाज नाही. डावा कान लावला, तरी नाही. पिंपाच्या तोंडाशी बसवलेल्या काचेच्या नळीत मात्र बुडबुडे एकामागून एक उसळत होते. ज्याच्या जिवावर आजवर मिजास केली, तो कान न सांगताच निघून गेला होता.

बाहेर येऊन त्यांनी घसा खाकरला. "यंत्र चढवा परत गाडीवर. पुढच्या आठवड्यात या."

"अहो, मघाशी तर तुम्हीच म्हणालात..."

"मघाशी मी चुकलो. हिनं बरोबर ऐकलंय. यापुढे हिलाच विचारायचं."

गाडी गेली. आत येऊन लेकीनं पुन्हा पिंपाला कान लावला. अण्णा शेजारी उभे राहिले.

"आवाज कसा येतोय?"

"बारीक आहे."

"बारीक म्हणजे? नीट सांग."

तिनं डोळे मिटले. "शेजारच्या खोलीत कुणी हळूच कागद चुरगाळतंय ना, तसा."

अण्णांनी मान डोलावली.

"हां," ते म्हणाले, "तस्साच असतो तो."