धार तुटली, पुन्हा

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. माझ्या वयाच्या बहुतेक बादल्या केव्हाच भंगारात गेल्या. मी टिकले, कारण जिवंत माणसानं माझ्यातल्या पाण्यानं कधी तोंडसुद्धा धुतलं नाही. घाबरू नका. मी ज्यू लोकांच्या दफनभूमीतल्या एका लहानशा खोलीत राहते. त्यांच्यात कोणी गेलं, की पुरण्याआधी त्याला आंघोळ घालतात. पुरुषांना पुरुष घालतात, बायकांना बायका. मी बायकांच्या बाजूची.

मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिरानं घडवलं. आमच्या काठाला त्यानं चोचीसारखा बाक दिला, कारण पाणी एका धारेत पडायला हवं होतं. अंग धुऊन झालं, की शेवटी डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओततात. ती धार मध्येच तुटायची नाही. एक बादली रिकामी होण्याआधी दुसरी कलती व्हायला हवी. तुटली, तर आधीचं सगळं पाणी फुकट. पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं.

बायकांच्या बाजूचा कारभार एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे होता. सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. माझी पहिली स्तुती त्यांनीच केली. "ही बादली बोलत नाही, म्हणून मला आवडते," त्या म्हणाल्या होत्या. गेलेल्या बाईचे केस त्या इतक्या हलक्या हातानं विंचरत, की बघणारीला हेवा वाटावा. जेवढा भाग धुवायचा, तेवढाच उघडा करत. जिवंत माणसाच्या वाट्याला मात्र तो हलका हात कधी आला नाही.

हे काम शिकायला बायका येत. चष्म्याच्या दुकानातली बाई पहिल्याच दिवशी रडली. शिवणबाई म्हणाल्या, "रडायचं तर अंगणात जा. इथे हिची आंघोळ चाललीय, तुझी नाही." ती गेली ती गेलीच. बेकरीवाली बरीच टिकली. कणीक मळून तिचे दंड घट्ट झाले होते आणि मला ती सहज उचलायची. पण एकदा आंघोळीच्या फळीवर तिचीच गेलेली शेजारीण होती. बेकरीवालीनं पाणी जरा घाईनं ओतलं. शिवणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझे हात जड आहेत. माणूस आहे ती, पिठाचं पोतं नाही." बेकरीवालीनं मला खाली ठेवलं, हात पुसले आणि दार ओढून घेतलं.

त्या लोकांत या कामाला खरी दया म्हणतात, कारण गेलेलं माणूस तिची परतफेड करू शकत नाही. शिवणबाई ती दया मन लावून करत होत्या. ज्यांच्याकडून परतफेड होऊ शकली असती, त्यांना त्या एकेक करून घालवत होत्या.

शेवटी उरली त्यांची लेक. तिला त्यांनी अंगणात जुन्या लोडावर पाणी ओतायला लावून शिकवलं. धार तुटली, की पायरीवरून आवाज यायचा, "पुन्हा." थंडीत तिची बोटं वळायची नाहीत, तरी "पुन्हा." शाबास हा शब्द त्या बाईंना ठाऊक नव्हता. "पुन्हा" ऐकू आलं नाही, की समजायचं, जमलं.

एक दिवस लेकीनं विचारलं, "आई, तुझ्या वेळी कोण ओतणार?" कारण पोटच्या मुलांनी आईबापांना ही आंघोळ घालायची नाही, अशी त्यांची रीत आहे.

"येईल कोणीतरी."

"सगळ्यांना तर तू घालवलंस."

"मग दाराबाहेर उभी राहून सांग त्यांना. तुला येतंय ना सगळं?"

मित्रांनो, तसंच झालं. शिवणबाई गेल्या. लोक पांगले होते. राब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, घरोघरी जाऊन विनवलं, तेव्हा बेकरीवाली आणि चष्म्याच्या दुकानातली बाई तेवढ्या आल्या. "राब्बींच्या शब्दासाठी आले," बेकरीवालीनं आल्याआल्याच सांगून टाकलं. लेक बंद दाराबाहेर उभी राहून एकेक गोष्ट सांगू लागली. आधी डोकं. मग उजवी बाजू. तिच्या अंगावरून हात नेऊन काही पलीकडे द्यायचं नाही. दोघी करत गेल्या.

मग आम्हां बहिणींची वेळ आली. बेकरीवालीनं मला कलतं केलं. चष्मेवालीला दुसरी बादली उचलायला क्षणभर उशीर झाला. पाण्याचा आवाज थांबला.

"चालेल, कोणाला कळतंय," बेकरीवाली कुजबुजली.

दारामागून आवाज आला. "तुटली. पुन्हा."

दुसऱ्या वेळी चष्मेवालीची बादली फळीच्या कडेला अडली.

"पुन्हा."

बेकरीवालीनं मला फरशीवर आदळलं. माझ्या बुडाला पोचा आला, तो अजून आहे. "पोरी, ती गेली आता. तिला काही कळत नाही."

"मला कळतं, मावशी."

तिसऱ्यांदा धार डोक्यापासून पायांपर्यंत अखंड गेली. दारामागून काहीच आवाज आला नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हे मौन काय असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

शेवटी गेलेल्या बाईचं नाव घेऊन तिची क्षमा मागायची असते, आमच्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर म्हणून. चष्मेवालीनं मागितली.

"मी हिची माफी मागू?" बेकरीवाली म्हणाली.

"मागायची असते," दार म्हणालं.

तिनं ते शब्द एका दमात म्हणून टाकले. मग वाकून हळूच म्हणाली, "आता तू म्हण." ती बराच वेळ तशीच वाकून थांबली.

बाहेर आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. ती लेकीसमोर उभी राहिली. लेकीचे डोळे सुजले होते. एक बरा शब्द आता येईल, असं मला वाटलं.

"दोनदा तुटली," लेक म्हणाली. "मावशी, तुमचे हात अजून जडच आहेत."

बेकरीवालीनं मान हलवली. "अगदी आईवर गेलीस," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, असं माझ्यासारख्या वस्तू तुम्हांला नेहमी सांगतात. मला घासून पुसून पालथी ठेवणारी माझ्याकडे आहे. पण मला जपायचं असेल, तर मला उचलायला येणाऱ्यांना आधी जपा. त्यांचे हात जड असले, तरी जपा.

गेल्या महिन्यात प्रार्थनाघर झाडणारी म्हातारी गेली. लेक बेकरीत जाऊन आली, ती एकटीच परतली. चष्म्याचं दुकान बंद होतं. तिनं आम्हां दोघींना भरलं. माझ्या बहिणीला फळीच्या कडेवर टेकवलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि ओतायला सुरुवात केली. मी रिकामी होत आले, तेव्हा तिनं एक हात सोडून बहिणीला धरायला बघितलं.

"तुटली," ती म्हणाली. दाराबाहेर कोणी नव्हतं.

तिनं आम्हांला उचलून नळाखाली ठेवलं.

"पुन्हा."