विरोधात एकवीस

आमच्या गृहसंस्थेच्या सभांचं इतिवृत्त मी सव्वीस वर्षं लिहितो आहे. चारचौघांत बोलणं जमत नाही, म्हणून लिहिणं पत्करलं. चिटणीस दुसरेच असतात, पण लोक चिटणीसकाका म्हणतात मला.

त्या रविवारी एकच ठराव होता. तळमजल्यावरचं वाचनालय हलवून तिथे गाड्या लावायच्या. वाचनालय माझ्या बायकोने उभं केलं, तिनेच चालवलं. दोन वर्षांपासून तिला आमचं घर परकं वाटतं; कधीकधी मीसुद्धा. पण त्या खोलीत शिरली की ती वर्तमानपत्रं तारखेनुसार लावते, कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तर रागावते. तेवढा वेळ ती आमची असते.

आमची लेक नर्स आहे. सभेसाठी ड्यूटी बदलून आली होती. तिला मत नव्हतं. घरामागे एकच मत, आणि आमचं माझ्या नावावर.

"बाबा, आज तरी बोला हं."

बोलायचं मी लिहून नेलं होतं. कागद खिशातच राहिला.

"चला, हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. "काका, नीट मोजा. चुकलात तर चहा बंद!"

सगळे हसले. मीही हसलो. ठरावाच्या बाजूने बावीस हात. मग विरोधातले. डाव्या हातात वही, उजव्याचं बोट रांगेरांगेने फिरवत मी मोजले. एकवीस. आकडे मोठ्याने वाचले, खाली बसलो आणि लिहू लागलो.

लेक माझ्याजवळ येऊन वाकली.

"बाबा, तुमचा हात?"

इतक्या वर्षांत माझ्या हाताची कधी गरजच पडली नव्हती. बहुतेक ठराव एकमताने व्हायचे.

"बरोबरी झाली असती तर ठराव पडला असता ना?" तिने विचारलं.

"हो."

मी उठून अध्यक्षांकडे गेलो. "माझं एक राहिलं," म्हणालो.

"काय राहिलं, काका? चहा? अरे, काकांना चहा द्या!"

"चहा नाही. मत."

अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "काका, आकडे तुम्हीच वाचलेत. लोक उठले हो आता." खुर्च्या सरकत होत्या. मी होकारार्थी मान हलवली. मान हलवायला नको होती.

बायको वाचनालयातच होती. मासिकांचा गठ्ठा बांधत तिने विचारलं, "सभा झाली? काय ठरलं?"

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काही नाही," मी म्हणालो. "चहा झाला."

"नवीन कपाटाचं विचारलंत का? पुस्तकं मावत नाहीत इथे."

"विचारतो," मी म्हणालो, आणि गठ्ठ्याची दुसरी बाजू धरली.