आबांची मेटाडोर

निशिगंधाने जॅकचा दांडा उचलला आणि मेटाडोरच्या पुढच्या काचेवर घातला. पहिला घाव निसटला. दुसऱ्याला सगळी काच चुरा होऊन सीटवर कोसळली.

आकाराम मिस्त्री हातातलं फडकं तसंच धरून मागं सरले. त्यांनी नुसतं विचारलं होतं, "इंजिन उघडू, का गिऱ्हाईक बघू? एकदाच काय ते सांगा."

उदयसिंहाने धावत येऊन बहिणीचं मनगट पिरगाळलं. दांडा खाली पडला.

"याड लागलंय काय तुला? आबांची गाडी हाय ती!"

"म्हणूनच फुटली पायजे."

तीस वर्षांपूर्वी आबांनी मुरगूडच्या सुताराकडून त्या मेटाडोरमध्ये झोपायची दोन बाकं आणि स्टोव्हसाठी फळी बसवून घेतली होती. दर मे महिन्यात सगळं घर त्यातून फिरायचं. गोकर्ण, मालवण, आंबोली. गेल्या श्रावणात आबा वारले आणि गाडी शेडमध्येच राहिली. उदयसिंहाला ती दुरुस्त करून आपल्या पोरांना फिरवायची होती. निशिगंधाला ती आजच्या आज जायला हवी होती. कागद आता आईच्या नावावर होते, म्हणून दोघांनी गाडीबरोबर तिलाही उद्यमनगरातल्या या गॅरेजात आणलं होतं. आईला घरचे सगळे आक्काच म्हणत. ती दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती.

"आंबोलीत काय झालतं ते सांग की तुझ्या पोरांस्नी," निशिगंधा म्हणाली.

"काय झालतं? आक्का धुक्यात घसरली. मला ठावं हाय."

"तुला कणसं आणाय धाडलतं. भात करपला म्हणून आबांनी तिला लाथ घातली. दारातनं थेट डांबरावर, तोंडावर पडली ती. मग खाली उतरून—"

"तोंड बंद कर."

"खाली उतरून परत तोंडावरच पाय दिला. मी बाकाखालनं बघितलंय."

उदयसिंहाची चपराक अशी बसली, की निशिगंधाचं डोकं पत्र्यावर आपटलं. ओठ फाटला. ती सावरायच्या आत त्याने तिची वेणी धरली आणि तिला पुन्हा पत्र्यावर आदळलं. मिस्त्री मध्ये पडले, तर त्यांच्या छातीत कोपर बसलं.

"मेलेल्या माणसावर थुंकतीस? आबा असलं करणारच न्हाईत!"

आक्का उठली. काचांवर तिच्या चपला करकरल्या. मुलासमोर येऊन तिने दोन बोटं तोंडात घातली, वरची कवळी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. कवळीला चार दात होते. त्याच्या बोटांत निशिगंधाचे दोन-तीन केस अडकलेले होते.

"मी घसरलो न्हवतो, उदय," ती म्हणाली. दातांवाचून शब्द बोबडे, ओले येत होते.

उदयसिंह त्या हाताकडं बघत खाली पडलेल्या टायरवर बसला.

निशिगंधाने रक्त थुंकलं. "भंगारात घाल ती, आक्का."

"न्हाय. मिस्त्री, इंजिन उघडा."

निशिगंधाने चमकून आईकडं पाहिलं. आक्काने पदराने तिचा ओठ टिपला, पण शब्द फिरवला नाही.

दीड महिन्याने गाडी तयार झाली. काच नवी होती, रंग जुनाच. रंगाला हात लावू नका, असं आक्कानेच बजावलं होतं. उदयसिंहाने चावीसाठी हात पुढं केला. मिस्त्रींनी आक्काकडं बघितलं.

"चावी पोरीला द्या," आक्का म्हणाली.

मग तिने पुढचं दार उघडलं आणि दांडीला धरून, कुणाचा हात न घेता वर चढली. ड्रायव्हरशेजारची ती जागा आबा आपल्या दोस्तासाठी ठेवत. दोस्त नसला, तर तिथं त्यांची बॅग असायची. आक्का बसली, मांडीवर हात ठेवले आणि समोर बघू लागली.

"कुठं जायचं, आक्का?" स्टिअरिंगमागं बसत निशिगंधाने विचारलं. ओठावरचा वण अजून लालसर होता.

"आंबोलीला."

उदयसिंह बाहेरच घुटमळला. त्या दिवसापासून बहिणीशी तो एक शब्द बोलला नव्हता. माफी मागायला दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला होता.

"मी येऊ?" त्याने विचारलं.

"ये की. मागं बस," आक्का म्हणाली.

त्याने बाजूचं दार उघडलं आणि आत चढला. निशिगंधाने इंजिन चालू केलं. सगळी गाडी थरथरली. उदयसिंहाने दार ओढायला हात घातला, पण ओढलं नाही. पायरीपासून खालच्या डांबरापर्यंत किती अंतर आहे, ते तो वाकून बघत राहिला.