दोरे कापले त्याची गोष्ट

पोटचा पोर असला म्हणून काय झालं, मिरवायची खोड ती खोडच. वकील झाला, दारावर पितळी पाटी लागली, तरी चार लोक जमले की याच्या अंगात येतं, असं आईचं ठाम मत होतं. आज तर त्याने कहर केला होता.

ऑफिसात दृष्टिहीनांसाठीचा जागृती दिवस होता. बाहेरच्या खोलीत फलक लागला, खुर्च्या मांडल्या. अकराला कोर्टातली बडी मंडळी यायची होती. आणि त्यांना दाखवायची कोण, तर ज्युनियर वकीलबाई. पोर जन्मापासून आंधळी, पण युक्तिवादाला उभी राहिली की समोरच्याला घाम फुटायचा.

तिची रीत न्यारी होती. फाइल कुणाकडून वाचून घ्यायची, पान न् पान पाठ करायचं आणि कामाच्या पानाला कडेला दोरा बांधायचा. भाडेपावतीला एक गाठ, साक्षीला दोन, हुकुमाला तीन. न्यायाधीशांनी विचारलं की बोट फिरवून पान काढलंच.

दहाला पोरीने फाइल उघडली, कडेवरून बोटं फिरवली. परत फिरवली. आई सकाळपासून ऑफिसातच होती; पोर तिला आजी म्हणायची.

"आजी, माझे दोरे?"

मुलाने काल कारकुनाकडून सगळे कापून घेतले होते.

"फोटोत गबाळं दिसलं असतं, आई. त्यात काय एवढं? आज तारीख मागून घेऊ."

"तारीख नाही मागता येणार, सर," पोर म्हणाली. "बाराला सुनावणी आहे. मनाई हुकूम आज संपतोय. उद्या घरमालक आपल्या भाडेकरू म्हातारीचं सामान रस्त्यावर टाकेल."

"मग मी उभा राहतो."

"तीनशे पानं आहेत. वाचलीत तुम्ही?"

मुलगा टाय नीट करू लागला. आईने कारकुनाच्या टेबलावरून दाभण आणि दोऱ्याचा गुंडा उचलला, पोरीला आतल्या खोलीत नेलं आणि बैठक मारली.

"पान सांग. अक्षरांशी माझं फारसं जमत नाही, पण आकड्यांत मी कुणाला हार जायची नाही."

"त्रेचाळीस. पावती."

"एक गाठ. पुढे?"

"सत्तेचाळीस, एकावन्न, साठ..."

"हळू गं! घोड्यावर बसून आलीस का?"

एका साक्षीला चुकून तीन गाठी पडल्या. पोरीने चाचपलं आणि खुदकन हसली. "आजी, साक्षीदाराचा न्यायाधीश केलात की!"

"नऊ पानं बडबडलाय मेला. मला वाटलं, मोठाच कुणीतरी असेल."

साडेअकराला मुलगा दारात आला. "आई, पाहुणे खोळंबलेत. पाच मिनिटं पाठव तिला."

"पोर कामात आहे म्हणावं. बघायचंच असेल तर कोर्ट समोरच आहे."

"माझी शोभा होईल गं!"

"होऊ दे. दार लाव जाताना."

पावणेबाराला बावन्नावा दोरा बांधून झाला. काखेत फाइल, हातात काठी, पोर खुर्च्यांमधून ताठ मानेने निघाली. पाहुण्यांतले दोघे उठून तिच्या मागोमाग गेले. मुलगा फलकाखाली भाषणाचा कागद हातात घेऊन उभा.

दीडला ती परतली. "आजी, मनाई कायम! निकाल लागेपर्यंत म्हातारीला कुणी हलवू शकत नाही. चार पानं मागितली, चारही एका झटक्यात दिली."

"मग! दोरे कुणी बांधले होते?"

तेवढ्यात मुलगा हसत पुढे आला. "शाब्बास! आता फलकाखाली एक फोटो होऊन जाऊ दे." कारकुनाने कॅमेरा काढलासुद्धा. थांबलेले पाहुणे उठून उभे राहिले.

आई मध्ये येऊन उभी राहिली.

"फोटो नंतर. दोरे तू कापायला लावलेस, तेव्हा माफी तू मागायचीस; कारकुनाच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडाने, या सगळ्यांसमोर, आत्ता. तोवर तुझ्या ऑफिसात हा दिवस साजरा झाला असं मी तरी म्हणणार नाही, बाळ्या."