मार्करची जागा

कुडपणहून निघालेल्या गाडीत पोलादपूर येईपर्यंत तुळसाने नवऱ्याकडून तीन वेळा वदवून घेतले.

"कुठं चाललो आपण?"

"महाडला. शुभमच्या पूल पार्लरच्या उद्घाटनाला."

"शुभम कोण?"

महिपत खिडकीबाहेर बघत राहिला. मग हसला. "तूच सांग. तुला सगळं ठावं हाय."

"तुमच्या भावाचा पोरगा. तिथं कायबी विचारलं तरी एवढंच बोलायचं, सगळ्यांचे आभार. बाकी मी बघते."

आठ महिन्यांपूर्वी तो स्वतःच्याच शेताच्या बांधावर घराची वाट विसरून उभा राहिला होता. तेव्हापासून ती हे झाकत आली होती. वाडीत कुणी त्याला हाताला धरून घरी आणले, की ती म्हणे, चष्म्याचा नंबर वाढलाय. मुंबईत असलेल्या मुलाने, दीपेशने, बजावून ठेवले होते, "बाबांचं जरा काही वाटलं तर मी दोघांनाही इकडे आणणार." त्याचे घर चौदाव्या मजल्यावर होते. ओढले की आपोआप कुलूप लागणारे दार, आणि बाहेर पडले तर सगळे मजले एकसारखे. कुडपणात वाट चुकलेल्या महिपतला ओळखणारी माणसे होती. तिथे कोण होते? या विचाराने तिची झोप उडाली होती.

पार्लरमध्ये पूलच्या टेबलांभोवती साठेक माणसे दाटीवाटीने बसली होती. दीपेश आदल्या दिवशीच येऊन थांबला होता. एका निवृत्त मास्तरांनी महिपतची कारकीर्द सांगितली. एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या एका बिलियर्ड्स क्लबात हा मुलगा मार्कर म्हणून लागला. साहेब लोकांचे गुण मांडायचे, बॉल लावून द्यायचे, आणि खोली रिकामी झाली की खेळायची काठी, म्हणजे क्यू, उसना घेऊन सराव करायचा. पुढे पूलचा खेळ आला आणि त्याच मार्करने तीन वेळा राज्याचे अजिंक्यपद मिळवले. लोक टाळ्या वाजवत होते. महिपतही वाजवत होता. दुसऱ्याच कुणाचे कौतुक ऐकावे तसा. तुळसाने आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिले. कुणाच्या लक्षात तर आले नसेल?

"काका, एक डाव तरी दाखवा!" शुभमने टेबलावर चार बॉल मांडून क्यू पुढे केला.

"नको रे, डोळ्यांना त्रास हाय त्यांच्या," तुळसा घाईने म्हणाली.

"काकी, तुम्ही काय रेफ्री झालाव की काय?"

हशा पिकला. तोवर महिपतने क्यू हातात घेतला होता.

सकाळी ज्या हाताला सदऱ्याची गुंडी लावता आली नव्हती, तो हात टेबलाच्या हिरव्या कापडावर टेकला आणि स्थिर झाला. पहिला बॉल टेबलाच्या भोकात, पॉकेटात, गेला. दुसरा गेला. तिसरा कडेला घासून वळला आणि पडला. शेवटच्या काळ्या बॉलसाठी त्याने कोपऱ्यातल्या पॉकेटकडे बोट दाखवले आणि नेमका तिथेच तो घातला.

पार्लर दणाणले. दीपेश मोबाईलवर चित्रण करत होता. "आई, बघितलंस? उगाच डोळ्यांची काळजी करतेस. एकदम फिट आहेत!"

तुळसाने पदराने घाम पुसला. सुटलो, तिच्या मनात आले. अजून एक वर्ष तरी सुटलो.

महिपतने क्यू भिंतीला लावला. सगळे बॉल गोळा करून त्रिकोणी चौकटीत बसवले, तळव्याने कापड साफ केले, आणि मागे सरून भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून, मान खाली घालून तो उभा राहिला.

"टेबल तयार हाय, साहेब," तो शुभमला म्हणाला.

शुभमला गंमत वाटली. "शाब्बास, महिपत! पाणी आण बघू!"

माणसे पोट धरून हसली. महिपत खरोखरच पाण्यासाठी वळला. तुळसा ताडकन उठून त्याच्यापाशी गेली. "अहो, चला, बसा जरा."

त्याने तिच्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत ओळख नव्हती, नुसती धास्ती होती.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," तो हळू आवाजात म्हणाला. "इथं बायकांना परवानगी नाय. सेक्रेटरी साहेबांनी बघितलं तर माझी नोकरी जाईल."

पुन्हा हशा. "काय ॲक्टिंग करतात काका!" कुणीतरी ओरडले.

आपणही हसले की झाले, हे तुळसाला कळत होते. सगळे गमतीवारी जाईल, गाडीत बसू, घाट चढू. पण समोर एकोणीस वर्षांचा एक पोरगा नोकरीच्या भीतीने थरथरत होता आणि साठ माणसे त्याला हसत होती.

"शुभम, हसू नको रे," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "तो मोबाईल खाली कर, दीपेश. थट्टा करत नायत ते."

"म्हणजे?"

"आठ महिने झाले. मी सांगितलं नाय."

हसणे एकेका खुर्चीवर थांबत गेले. तुळसा दाराबाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली, त्याला दिसेल पण साहेबांना दिसणार नाही अशा बेताने.

आत दीपेश बापाजवळ गेला.

"ड्युटी कधी सुटते तुमची?" त्याने विचारले.

"सात वाजता, साहेब."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. दीपेशने दाराकडे, आईकडे पाहिले. मग एक खुर्ची ओढली आणि तो टेबलाशी सात वाजायची वाट बघत बसून राहिला.